टाराल्डच्या मातीला म्हटलेलं स्तोत्र

पाद्री नसताना शेजारीपाजारी जमवून कोठारात स्तोत्रं म्हटली, म्हणून मायदेशी, स्टाव्हांगरच्या पाद्र्याने टाराल्डला तुरुंगाची हवा खायला लावली होती. तेव्हा मोकळेपणाने गाता यावं म्हणून टाराल्ड अमेरिकेला आला. त्याच गलबतातून मूक प्रार्थना करणाऱ्या क्वेकर पंथाचा एंड्रे आला, तो मोकळेपणाने गप्प बसता यावं म्हणून. सरोवराकाठचं जंगल तोडता तोडता गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढली आणि वस्तीत धर्मस्वातंत्र्य नांदू लागलं. म्हणजे कुणी गाईनासं झालं.

वसंतात टाराल्ड तापाने गेला. त्याची बायको टोरबोर्ग एंड्रेच्या दारात उभी राहिली.

"मातीच्या वेळी मी त्याचं आवडतं स्तोत्र म्हणणार आहे."

"अगं, ते पाठ केलेलं. आत्म्याने सुचवलं तरच तोंड उघडायचं."

"आणि मला सुचवलं तर?"

"नाही सुचवणार," एंड्रे म्हणाला. आत्म्याच्या वतीने बोलायची त्याला आताशा सवय झाली होती.

"तिकडचा पाद्री निदान गाणं झाल्यावर कोंडायचा रे!"

"इथे सक्ती नाही, टोरबोर्ग," एंड्रे मायेने म्हणाला. "फक्त मग तू आमच्यातली नाहीस. एकटीच्याने जंगल तोडवेल का, ते बघ."

मातीला सगळे टोप्या घालून खड्ड्याभोवती गप्प उभे राहिले. ज्येष्ठाने, म्हणजे एंड्रेने, शेजाऱ्याचा हात हातात घेतला की सभा संपली, असा रिवाज. कुणी तोंड उघडेलसं वाटलं की एंड्रेचा हात आपसूक पुढे होई.

टोरबोर्गने घसा खाकरला. एंड्रेने शेजारच्या अस्लाककडे हात केला. काठाची जी जमीन अस्लाकच्या मनात होती, ती अंतरीच्या प्रकाशाने, म्हणजे आत्म्यानेच, नेमकी एंड्रेची म्हणून दाखवली होती. अस्लाकने दोन्ही हात काखेत खुपसले.

"हात दे," एंड्रे कुजबुजला.

"मळलेत."

एंड्रेच्या दुसऱ्या बाजूला फक्त खड्डा होता. टोरबोर्गने सूर लावला. तो चुकला, कारण धरून ठेवणारा खाली होता. पण तिने शेवटचं कडवंही सोडलं नाही.

दुसऱ्या सकाळी तिला सभेतून वगळल्याचं सांगायला एंड्रे तिच्या शेतावर गेला. ती रायचं धान्य पेरत गात होती. क्वेकर माणूस कुणाला मध्येच तोडत नाही, म्हणून तो बांधावर थांबला. एक स्तोत्र संपलं, तिने श्वास घेतला आणि दुसरं धरलं.