समासात खूण नसलेलं वर्तुळ

नऊ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचं एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर अनुस्वाररावांनी अजून पाठवलं नव्हतं.

पत्र चारच ओळींचं होतं. "दादा, हे गेल्यापासून घर खायला उठतं. तुझ्याकडे वरची खोली आहे. कायमची राहायला येऊ का? हो असेल तर हो लिही, नाही तर नाही लिही, मी रागावणार नाही. फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहितेय."

अनुस्वाररावांनी त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ते फार उतावीळ वाटले, दुसऱ्यात फार कोरडे. तिसऱ्यात 'अवश्य' हा शब्द उपकार केल्यासारखा दिसत होता. असे सात मसुदे झाले. सातही खणात पडून राहिले, आणि त्यांच्यावर नऊ वर्षं बसली. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासलेल्या माणसाला स्वतःच्या चार ओळी बिनचूक वाटेनात. 'अनुस्वार' हे नाव छापखान्यातल्यांनीच दिलेलं. मूर्ती लहान, जागा कडेची, आणि आवाज नाकातल्या नाकात.

बहिणीने त्या पत्राचा पुन्हा विषय काढला नाही. ती वर्षातून एकदा सहा दिवस यायची, वरच्या खोलीत उतरायची आणि रोज सकाळी तलावावर पोहायला जायची. चौसष्ट वर्षांची झाली तरी ते तिला छोटी म्हणत. पोहण्याची शिक्षिका म्हणून तिने उभी हयात पाण्यात काढली होती, आणि अनुस्वारराव घोटाभर पाण्यालाही बिचकत. ती परत येऊन टॉवेल वाळत घालीपर्यंत त्यांचा जीव टांगणीला असायचा.

भीतीला कारणही होतं. तलावाच्या पायऱ्यांना लागूनच कालव्याचं लोखंडी दार होतं. नऊच्या ठोक्याला ते उघडायचं आणि पाणी त्या बाजूला खेचलं जाई. नऊच्या आत बाहेर यायचंच, हा नियम होता. छोटीला चष्म्याशिवाय दहा हातांपलीकडचं दिसत नसे, एक कान निकामी होता आणि दुसऱ्यात ती बोळा घाली. तिची सगळी मदार मनगटावरच्या घड्याळावर होती. पोहणाऱ्यांचं जाडजूड काळं घड्याळ ते. आठ वाजून दहा मिनिटं झाली की ते मनगटावर थरथरे, आणि मग ती असेल तिथून मागे वळे.

या खेपेला आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घड्याळ बंद पडलं.

"सेल संपला असणार," छोटी म्हणाली. "पण घड्याळजी म्हणतो, पाण्याचं घड्याळ आहे, कंपनीकडे पाठवावं लागेल. आठ दिवस! मी आहे चार दिवस."

"मी बदलतो," अनुस्वारराव म्हणाले. ते आपण बोललो की दुसरं कुणी, याचा त्यांना क्षणभर उलगडा झाला नाही.

"तू?" छोटी हसत सुटली. "आजोबांचं गजराचं घड्याळ तूच उघडलं होतंस ना? त्यातलं एक चाक अजून सापडायचंय!"

"तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो."

"आणि आता?"

 पण दुपारी त्यांनी दुकानातून सेलचं पाकीट आणलंच. त्यात बटणासारखा गोल सेल, चिमुकला स्क्रूड्रायव्हर, एक नवं रबरी कडं, वंगणाची पुडी आणि छापील सूचनांचा कागद होता. छोटी वर झोपली होती. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला, भिंग घेतलं आणि सूचना वाचायला बसले.

सूचना कुणी लिहिल्या होत्या देव जाणे. पहिल्याच ओळीत तीन चुका. हात आपोआप काळ्या पेन्सिलीकडे गेला. चुकीच्या शब्दाभोवती वर्तुळ आणि समासात दुरुस्ती, ही चाळीस वर्षांची सवय. वाचून होईतो कागदावर वर्तुळंच वर्तुळं झाली.

मग घड्याळ उलटं ठेवून त्यांनी पाठीवरचे चार स्क्रू काढले आणि रुमालाच्या चार कोपऱ्यांवर ठेवले. झाकण निघालं. कडेच्या खाचेत केसाएवढं बारीक काळं कडं होतं. पाणी आत जाऊ न देणारं तेच. जुनं झालेलं ते त्यांनी अलगद उचलून टाकून दिलं, खाच पुसली, नव्या कड्याला वंगण चोळलं आणि ते हाताजवळच्या कागदावर ठेवलं. आधी सेल, मग कडं, असा क्रम होता.

"दादा, चहा टाकू का?" वरून हाक आली आणि ते दचकले. सेल हातातून निसटून खुर्चीखाली घरंगळला. गुडघ्यांवर बसून त्यांनी तो शोधला, पुसला आणि जागेवर बसवला. तोच पडदा उजळला! आकडे धावू लागले. अनुस्वाररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बसलेला सेल पुन्हा हलेल या धास्तीने त्यांनी झाकण लावलं आणि चारही स्क्रू पिळले.

सूचनेत शेवटी लिहिलं होतं, घड्याळ कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहावे. त्यांनी ते पाहिलं नाही. परीक्षाच दिली नाही तर नापास कोण करणार, हा त्यांचा जुना हिशेब.

छोटीने वेळ लावली, गजर लावला आणि घड्याळ मनगटावर चढवलं. "दादा, तू तर कारागीर निघालास की! उद्या लांब जाते, पलीकडच्या खडकापर्यंत."

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती बाहेर पडली. अनुस्वारराव टेबल आवरायला बसले. चुकांचा तो कागद कंपनीला पाठवावा असा विचार मनात आला, आणि पाठवण्याआधी एकदा तपासायला हवा म्हणून त्यांनी भिंग घेतलं. प्रत्येक वर्तुळासमोर समासात खूण. एक, दोन, तीन. शेवटच्या परिच्छेदात मात्र एक मोठं वर्तुळ होतं आणि समास कोरा. आतले शब्द होते, 'पाणी आत शिरल्यास'. तीन शब्द, तिन्ही शुद्ध.

आपण हे कशासाठी केलं? खूण राहून गेली असेल म्हणून त्यांनी पेन्सिल टेकवली.

वर्तुळ सरकलं.

त्यांनी पेन्सिल उचलली. पेन्सिलीच्या टोकाला रबराचं ते कडं लटकत होतं, बारीक, काळं, वंगणाने चकाकणारं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

शेजाऱ्याला सांगावं, असं पहिल्यांदा मनात आलं. त्याच्याकडे गाडी होती. पण सांगायचं कसं? 'जरा त्रास देतो' म्हणावं की सरळ 'धावा'? शेजाऱ्याच्या फाटकाशी उभं राहून ते वाक्य जुळवत राहिले. जुळेना. दोन मिनिटं गेली. मग कडं मुठीत घट्ट धरून त्यांनी तसंच घरच्या सपातांवर धावायला सुरुवात केली.

बहात्तर वर्षांच्या आयुष्यात ते बससाठीही धावले नव्हते. तोंडाला कोरड पडली, कानांत रक्त ठोके घालू लागलं. रस्त्यावरचे लोक बघत होते, पण आज पहिल्यांदाच त्यांना बघणाऱ्यांची लाज वाटली नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मनगट गप्प आहे आणि छोटी खुशाल पुढे पुढे चालली आहे.

तलावाच्या पायऱ्यांवर तिच्या चपला होत्या, वर घडी घातलेला टॉवेल, त्यावर चष्मा. पाण्यावर कुणी नव्हतं. "छोटे!" त्यांनी हाक मारली. ती हाक समोरच्या पायरीपर्यंत तरी गेली की नाही, कोण जाणे. गेली असती तरी ऐकायला कुणाला कान होते?

कालव्याच्या दारावर एक खोली होती. तिथे दार उघडणारा माणूस रुमालाने हात पुसत मोठ्या लोखंडी चाकासमोर उभा होता. नऊला पाच कमी होते.

"आजोबा, वर यायला बंदी आहे. पाटी वाचली नाही?"

"वाचली. दोन चुका आहेत तिच्यात," अनुस्वाररावांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांची बोबडी वळली. "म्हणजे... ते नाही... माझी बहीण..."

"नीट बोला. मला वेळ नाही." त्याने चाकाला हात घातला.

"उघडू नका!"

तो आवाज त्या खोलीत घुमला. माणूस दचकला, आणि अनुस्वाररावही दचकले. हा आवाज इतकी वर्षं कुठे होता?

"माझी बहीण पाण्यात आहे," ते म्हणाले. "तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. घड्याळावर जाते ती, आणि ते घड्याळ मी बिघडवलंय. हे कडं आत घालायचं राहिलं. चूक माझी आहे. माझी एकट्याची."

माणसाने त्यांच्या उघड्या मुठीकडे पाहिलं, पायांतल्या सपातांकडे पाहिलं. "खालच्या गावाला नऊला पाणी लागतं, आजोबा. उशीर झाला तर साहेब मला सोलून काढेल." पण त्याने चाकावरचा हात काढला आणि फोन उचलला. "साहेब, चाक जरा अडलंय. तेल सोडतोय. दहा मिनिटं... हो साहेब, दहाच." फोन ठेवून तो म्हणाला, "दहा म्हणजे दहा हं."

खोलीतल्या घड्याळात नऊ वाजले. अनुस्वारराव कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिले. नऊ वाजून दोन. खडकाजवळ काहीतरी हललं, तो पक्षी निघाला. नऊ वाजून चार. त्यांना त्या चार ओळी आठवल्या. नाही तर नाही लिही. त्यांनी नाहीही लिहिलं नव्हतं.

"ती पिवळी टोपी कुणाची?" माणूस म्हणाला.

पाच मिनिटांनी छोटी पायरीला लागली. अनुस्वारराव खाली पोचले तेव्हा ती धापा टाकत बोळा काढत होती.

"दादा? तू इथे? आणि असा घामाघूम? घरी आग लागली की काय?"

 त्यांनी मूठ उघडली. छोटीने चष्मा लावून कड्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे. घड्याळाच्या काचेत आतून थेंब धरले होते आणि पडदा कोरा होता.

"हं. म्हणजे ही स्वारी बाहेरच राहिली." ती हसली.

"तुला... वळायचं कसं कळलं?"

"खडकाशी पोचले तरी मनगट गप्पच. म्हटलं, दादाच्या हातचं आहे, उत्तर यायची वाट बघण्यात अर्थ नाही. आपलं आपण फिरावं." ती टॉवेल डोक्यावर घेता घेता थांबली. बोलायचं नव्हतं ते बोलून गेल्यासारखी तिने मान खाली घातली आणि केस पुसू लागली.

वर चाक करकरलं. पायऱ्यांजवळचं पाणी एकदम ताणलं गेलं. एक वाळकी फांदी संथपणे तरंगत होती, ती पाहता पाहता दाराकडे ओढली गेली आणि सळकन खाली दिसेनाशी झाली. दोघांनीही ती पाहिली. मग ती दोघं घरी निघाली.

छोटी वर आडवी झाल्यावर अनुस्वाररावांनी खण उघडला. सात मसुदे बाजूला सारून कोरा कागद घेतला. अक्षर वाकडं आलं. "छोटे, वरची खोली रीकामी आहे. कायमची ये." पाकिटावर तिच्या गावचा पत्ता घातला, म्हणजे तीन दिवसांनी ती घर उघडेल तेव्हा उत्तर तिची वाट बघत असेल. पुन्हा न वाचता त्यांनी पाकीट चिकटवलं.

टपालपेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थबकला. आता त्यांना लख्ख आठवलं. 'रिकामी'तल्या 'रि'ला पहिली वेलांटी हवी होती. घाईत दुसरी पडली होती.

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी पाकीट आत सोडलं.