आधी वजन, मग सावली

(मासिकाच्या संपादिकाबाईंनी प्रश्नावली पाठवली आहे. सोबत सूचना: "प्रत्येक उत्तर शंभर शब्दांत. सोपं आणि प्रेरणादायी." खाली माझी उत्तरं आहेत. शब्द मोजलेले नाहीत.)

१. विज्ञानकथांच्या कल्पना तुम्हाला कुठून सुचतात?

लहानपणी मी गच्चीवर पडून तारे मोजायचो.

खोटं. आमच्या घराला गच्ची नव्हती. पुन्हा लिहितो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी फोनवरच्या तक्रारी लिहून घेतो. एकोणीस वर्षं झाली. एक टेबल, एक फोन, पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड, मधे कार्बन. वरची, पेनानं लिहिलेली चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. ती मेकॅनिक घेऊन जातो. खालची कार्बनची प्रत फाइलला लावायची. तक्रार जरा वेगळी असली तर ती प्रत फाइलऐवजी माझ्या शर्टाच्या खिशात जाते आणि खिशातून घरी, बिस्किटांच्या डब्यात.

"लिफ्टमध्ये शिरलं की वाटतं, आत्ताच कुणीतरी रडून गेलंय." हे मी रचलेलं नाही. एका दंतवैद्यानं फोनवर सांगितलं होतं. मी फक्त ती लिफ्ट मंगळावर नेऊन बसवली.

२. तुमची लेखनाची पद्धत कशी आहे?

मला पत्ता लिहिल्याशिवाय गोष्ट सुचत नाही. कोऱ्या कागदासमोर बसलो तर तास न् तास नुसता कान खाजवतो. पिवळी चिठ्ठी घेऊन 'क विंग, तिसरा मजला' असं लिहिलं, की तिथं कोण राहतं आणि त्याचं काय बिघडलंय ते लगेच दिसायला लागतं. म्हणून माझ्या मनातल्या कल्पनाही मी ऑफिसच्या चिठ्ठ्यांवरच लिहितो, पेनानं, आणि त्याही त्याच डब्यात टाकतो.

हिशेब सोपा आहे. कार्बनची असेल ती खरी तक्रार, पेनाची असेल ती माझी कल्पना. तारीख कशावरच नसते. खिळ्यावरची चिठ्ठी संध्याकाळपर्यंत निकालात निघते, तिला तारीख कशाला?

एकोणीस वर्षांत कधी गोंधळ झाला नाही. म्हणजे परवापर्यंत मला तसं वाटत होतं.

३. तुमची सर्वांत गाजलेली कथा कशी जन्मली?

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं म्हणून मी परवा सकाळी डबा उघडला. ती कथा तुमच्याच मासिकात आली होती. रिकाम्या लिफ्टमधल्या पडद्यावर रोज दुपारी एका माणसाचं वजन दिसतं. भविष्यातून कुणीतरी येत असतं, पण एकदम येऊ शकत नाही, हप्त्याहप्त्यानं येतं. आधी वजन, मग सावली, मग आवाज. शेवटी स्वतः.

चिठ्ठी सापडली. पेनाची, म्हणजे माझी. मी खुशीत वाचली.

'पाण्याच्या टाकीसमोर, निळं गेट, ब विंग, सहावा मजला. लिफ्ट रिकामी असतानाही ६८ किलो दाखवते. मजल्याच्या चार बोटं वर थांबते.'

शेवटच्या ओळीशी मनात पाल चुकचुकली. चार बोटं? ही ओळ कथेत नाही. कंटाळवाणी म्हणून मी गाळली असणार. पण मग लिहिली कशाला? इतकी नीरस ओळ मी आजवर रचलेली नाही. अशी ओळ फक्त लिफ्टनं रोज वर-खाली करणारा माणूसच बोलतो.

म्हणजे घाईत वरची चिठ्ठी खिशात गेली आणि खालची फाइलला लागली? फाइल बघावी तर जुन्या फायली सहा महिन्यांनी रद्दीत जातात, आणि कथेला आठ महिने झाले. तसं असेल, तर कुठेतरी एक बिघडलेली लिफ्ट आहे, तिची तक्रार मेकॅनिकपर्यंत पोचलेलीच नाही, आणि आठ महिने माणसं तिच्यातून चार बोटांची उडी मारून उतरताहेत. सगळेच काही उडी मारण्याच्या वयाचे नसतील.

की मीच रचलं सगळं?

४. कुटुंबाचा पाठिंबा आहे का?

बायकोला चिठ्ठी दाखवली.

"अक्षर तर तुमचंच आहे."

"अगं, अक्षर माझंच असणार! मी रचलंय की ऐकलंय, ते सांग."

"मला काय विचारता? तुम्ही ऐकता ते रचल्यासारखं सांगता, आणि रचता ते ऐकल्यासारखं. लग्नाच्या आधी म्हणाला होतात, घरात रोज एक वेळचा स्वयंपाक मी करतो. ते कुठल्या चिठ्ठीवर होतं?"

"फोन लावला असता, पण नंबर लिहिलेला नाही."

"टाकी रोज तुमच्या वाटेवर आहे की! गेट निळं आहे का नाही, एवढं माहीत नाही?"

माहीत होतं. निळंच आहे. पण म्हणजे जाता-येता बघून मी ते गोष्टीत घातलं असेल, असंही होऊ शकतं. हे तिला समजावायला गेलो तर ती म्हणाली, "अहो लेखक, बूट घाला."

५. कथेतलं विज्ञान अचूक असावं म्हणून काय काळजी घेता?

आमच्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकला विचारतो. त्याला सगळे स्पॅनर म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर असेल.

"रिकामी लिफ्ट अडुसष्ट किलो दाखवू शकते का रे?"

"का नाही? वजनाचा सेन्सर सरकला की दाखवते. मग मोटरला वाटतं आत माणूस आहे, ती जास्त जोर लावते आणि लिफ्ट मजल्याला सपाट थांबत नाही. वर राहते."

"किती वर?"

त्यानं हवेत आडवा हात धरला. अंगठा मुडपलेला, चार बोटं.

मी सगळं सांगितलं. तो मिशी चावू लागला.

"म्हणजे तुझ्या डोक्यात राहणाऱ्या बाईची लिफ्ट दुरुस्त करायला मी भरदुपारी स्कूटर काढायची?"

"बाई आहे हे मी तुला कुठं सांगितलं?"

"आत्ता नाही का म्हणालास?"

म्हणालो होतो का? वर तुम्हीच बघा. मला तरी सापडत नाही.

६. वाचकांशी तुमचं नातं कसं आहे?

ब विंगची लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पडद्यावर ६८.

स्पॅनरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आत मीच आधीपासून उभा होतो.

सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली ती चार बोटं वर. दार उघडलं तर समोर एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी. डाव्या मनगटाला प्लास्टर.

"आजी, जपून हं," स्पॅनर म्हणाला.

"आजी कुणाची? मला नातवंडं नाहीत. निवृत्त ग्रंथपाल आहे मी. तुम्ही कोण?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. मग कसं कोण जाणे, माझंही सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे ती गोष्ट तुमची! मी फोन केला, कुणी आलं नाही, आणि मग मासिकात उत्तर आलं. मला वाटलं, हल्ली तक्रारींना असंच कळवतात."

"फोन आधी केलात ना? गोष्ट यायच्या आधी?"

ती विचारात पडली. "आधीच असेल. की वाचल्यावर केला? वाचल्यावर मी पडद्याकडे बघायला लागले, हे खरं. पण बघायला लागले म्हणूनच वाचली असेन ना?"

"आणि हा हात?"

"हा बाथरूममध्ये," ती म्हणाली. जरा पटकन म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बोलता बोलता ती लिफ्टमध्ये आली आणि एका कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली. जागा कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "वजन येऊन आठ महिने झाले. सावलीला साधारण किती लागतात?"

मला माहीत नव्हतं. कथेत मी 'काही दिवसांनी' असं लिहून मोकळा झालो होतो.

"बाई, ते मी रचलंय. हा सेन्सर बिघडलाय. आज दुरुस्त करू."

"केलंच पाहिजे का?"

स्पॅनर हत्यारं काढता काढता थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. निर्णय मेकॅनिकचा असतो, पण तो थांबला. मी मनगटाच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणालो, "कर."

वीस मिनिटांत झालं. लिफ्ट सपाट थांबली, पडद्यावर शून्य. ती कोपऱ्यातून हलली नाही. मग म्हणाली, "उतरला वाटतं," आणि बाहेर पॅसेजमधल्या फरशीकडे निरखून बघू लागली. पाठोपाठ मीही बघितलं. स्पॅनरनंही. खाली आल्यावर तो म्हणाला, "मी काही सावल्या मोजल्या नाहीत हं." मी मोजल्या का, हे त्यानं विचारलं नाही.

७. सध्या काय लिहिताय? नव्या लेखकांना काय सांगाल?

काही लिहीत नाही. परवा संध्याकाळी बायकोला सांगितलं, शर्टाचे सगळे खिसे शिवून टाक. ती म्हणाली, सुई कपाटात आहे. मीच शिवले, वेडेवाकडे. आता येईल ती तक्रार खिळ्याला, आणि वर तारीख. दंतवैद्याचा पुन्हा फोन आला तेव्हा त्याची चिठ्ठीही खिळ्याला लावली. स्पॅनर जाऊन आला. पंख्याचं बेअरिंग होतं. तेच रडत होतं.

वाटलं, सुटलो. कानाला खडा लावला.

आत्ता हे लिहीत असताना फोन वाजला. टाकीसमोरून, ब विंग, सहावा मजला. आवाज लगेच ओळखला.

"तक्रार लिहून घ्या. लिफ्ट रिकामी असली की रिकामी दाखवते."

"बाई, ती तशीच दाखवायला हवी."

"ते मला कळतं. तरी लिहून घ्या. आणि माणूस पाठवा. घाई नाही."

लिहून घेतली. पेनानं, पत्त्यासह, तारीख घालून. खिळ्याला लावली तर स्पॅनर मला वेड्यात काढेल. फाइलला लावावी तर सहा महिन्यांनी रद्दी. आणि खिसा शिवलेला.

चिठ्ठी अजून उजव्या हातातच आहे. या शेवटच्या ओळी डाव्या हातानं लिहिल्यात. अक्षर लागलं नाही तर फोन करा.