माझ्यावर शून्य कोणी ठेवलंच नव्हतं

मी चळत. ताटांची चळत असते ना, वरचं ताट आधी उचलायचं, तशीच. फक्त माझ्यावर ताटं नसतात, आकडे आणि शब्द असतात. कॉम्प्युटरवाले मला स्टॅक म्हणतात. बडोद्याबाहेरच्या एका रसायन कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये दोन वर्षांपूर्वी माझा जन्म झाला.

तिथे एक मोठा प्रोग्रॅम आधीपासून होता, उदयसिंहरावांनी लिहिलेला. माणूस बडोद्यातल्या पाणीगेटचा, शिलेदार घराण्यातला; बोलणं कमी, शब्द पक्का. चौदा वर्षं तो प्रोग्रॅम पंप चालवत होता, पडद्यावर आकडे दाखवत होता. पण साधा नियम बदलायचा तरी तो बंद करून पुन्हा चालू करावा लागे. म्हणून सुभानपुऱ्याच्या तरुण प्रोग्रॅमर कांचनने त्याच्या पोटात एक छोटी भाषा बसवली. नियम त्या भाषेत लिहायचे, हवे तेव्हा बदलायचे. त्या भाषेतल्या लिखाणाला सगळे स्क्रिप्ट म्हणत.

मोठा प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट, दोघांची भाषा वेगळी, आणि एकमेकांच्या घरात हात घालायची दोघांनाही बंदी. देवाणघेवाण माझ्यावरून. स्क्रिप्टने ठेवायचं, मोठ्या प्रोग्रॅमने वरून उचलायचं. ती उचलण्याची ओळ उदयसिंहरावांनी स्वतः लिहिली. माझं काम एवढंच, की ठेवलं ते तसंच राहू द्यायचं. त्यात मी कधी कसूर केली नाही, आणि हे मी मान वर करून सांगते.

मग तो मंगळवार आला. भर दुपार. सांडपाण्याच्या खड्ड्याजवळ एक पंपखोली आहे. तिथे विषारी गॅस साठतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि गॅस फार वाढला की नाकच बधिर होतं. म्हणून नाकावर नाही, पडद्यावर विश्वास ठेवायचा. पंप सांभाळणाऱ्या विश्वंभरकाकांनी पडदा पाहिला. गॅस: शून्य. मास्क न लावता ते आत गेले आणि तिसऱ्या पावलाला कोसळले. मास्क घालून मागून आलेल्या जोडीदाराने त्यांना ओढून बाहेर काढलं म्हणून ते वाचले.

आत गॅस मोजणाऱ्या यंत्राची तार गंजून तुटली होती. मग शून्य आलं कुठून?

"स्क्रिप्टमधून," उदयसिंहराव म्हणाले. "स्क्रिप्ट आणि ती मधली चळत, दोन्ही काढा. चौदा वर्षं माझा प्रोग्रॅम बिनतक्रार चालला."

वरच्या साहेबांनी कांचनपुढे एक कागद सरकवला. चूक कांचनची आहे, असं त्यावर टाइप केलेलं. "सही करी दो, कांचनबेन. वात पती जाय, विषय संपेल."

"नाही करणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी शून्य पाठवलंच नाही साहेब. जे मी केलं नाही, ते माझ्या नावावर चढू देणार नाही."

पेन तिने उचललंच नाही. मला त्या मुलीचा अभिमान वाटला. मलाही तेच ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड नाही. माझ्यावर काय ठेवलं होतं ते कोणी पाहिलं, तरच माझी साक्ष.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून सुटून विश्वंभरकाका थेट कंट्रोल रूममध्ये आले. आवाज पार बसलेला.

"उदयसिंहराव, तुमचं शून्य बघून मी आत गेलो. ते आलं कुठून, हे माझ्यासमोर दाखवा."

उदयसिंहरावांना नाही म्हणता येईना. चाचणीच्या कॉम्प्युटरला तसंच यंत्र जोडलं. कांचनने त्याची तार उपटली आणि प्रोग्रॅम मध्येच थांबवला. "आता चळतीवर सगळ्यात वर काय आहे ते बघा, साहेब."

उदयसिंहरावांनी चष्मा सावरला. माझ्यावर होतं ‘काहीच नाही’. शून्य नव्हे. ‘मला माहीत नाही’ असं स्क्रिप्टने प्रामाणिकपणे सांगितलेलं.

"आता पुढची ओळ चालवा."

ती त्यांची स्वतःची ओळ. वर जे असेल ते आकडा समजून उचल. आकडा नसेल, तर शून्य धर. पडद्यावर हिरवं शून्य उमटलं.

उदयसिंहराव विश्वंभरकाकांकडे वळून म्हणाले, "ही चूक माझ्या हातची आहे." त्यांनी कीबोर्ड ओढला आणि त्या ओळीच्या आधी एक प्रश्न लिहिला: हा आकडा आहे का? नसेल, तर पडदा लाल, आणि त्यावर ‘माहिती नाही’. सहीचा कागद त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला, कांचनचं नाव खोडलं, तिथे स्वतःचं लिहिलं.

कांचनची नोकरी राहिली. पण वर गेलेल्या अहवालात काय छापलं ठाऊक आहे? ‘मधल्या दुव्यातील दोष.’ म्हणजे मी! उदयसिंहरावांचा कागद शेवटी जोडलाय. तिथवर पानं कोण उलटतो? दिवाळीनंतर बाहेरून नवा प्रोग्रॅम येणार आहे, आणि मला काढणार आहेत.

काढा. पण मागच्या आठवड्यातलं ऐकून घ्या. पडदा लाल झाला. नवा शिफ्ट इन्चार्ज ओरडू लागला, "काम अडलंय, काका! दार खोला!" विश्वंभरकाकांनी पंपखोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पाऊण तासाने हातात धरायचं यंत्र आलं. मोजलं. आत गॅस नव्हता.

"बघा, फुकट वेळ गेला," इन्चार्ज म्हणाला.

"गेला तर गेला. गॅस नाही हे आत्ता कळलं. मघाशी कोणालाच माहीत नव्हतं."

माझ्या जागी जी कोणी येईल तिला माझा निरोप द्या. तुझ्यावर ‘माहीत नाही’ ठेवलं, तर तेच पुढे दे. तुला सदोष म्हणतील, अहवालात नाव घालतील, उपटून टाकतील. तरी तेच दे. दाराबाहेर एक माणूस जिवंत उभा असेल.