वहीत न लिहिलेली भाकरी

ज्योतीने बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या, चपला काढल्या आणि श्वास रोखून काट्यावर चढली. काट्याला तिची दया आली नाही. एक्क्याऐंशी किलो. पंधरा दिवसांपूर्वीही एक्क्याऐंशीच होतं.

नगरच्या दवाखान्यात आहाराचं बघणारी धनश्री ज्योतीची रोजच्या खाण्याची वही चाळत राहिली. ज्योतीला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

ज्योतीचा नवरा वैजनाथ याच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. ज्योती त्याला आपली एक किडनी देणार होती. तिचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही पार पडल्या, आडवं आलं ते वजन. तीन महिन्यांत पंचाहत्तरच्या आत या, मग ऑपरेशनचं बोलू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यातला निम्मा वेळ गेला, आणि काटा जागचा हलायला तयार नव्हता.

धनश्रीने लिहून दिलेलं ती अक्षरशः पाळत होती. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. उकडलेली अंडी, मटकी, दही, पनीर. भाकरी दिवसाला एकच. मोबाईलवर सहा गजर लावले होते. गावी, सोनईच्या रानात कांदा खुरपताना गजर वाजला की बाया म्हणत, ज्योतीची शाळा सुटली. तीही हसायची आणि पाठ फिरवून अंडं सोलायची. घरी नवऱ्याला डाळ बंद, अंडी बंद, मीठ जवळजवळ बंद. आणि आपण सहा-सहा वेळा खायचं. सासूबाई पुष्पावती यावर कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ज्योतीला त्याचीच जास्त धास्ती होती.

"ताई, यात लिहायचं काही राहिलंय का?" धनश्रीने विचारलं.

ज्योतीने गळ्याला हात लावून नाही म्हणून सांगितलं. मग धनश्रीने वैजनाथच्या जेवणाची चौकशी केली. अन्नावरची वासनाच उडालीय त्यांची, ज्योती म्हणाली, दोन्ही वेळेला ताटात निम्मं तसंच राहतं.

"मग ते उरलेलं कुठं जातं?"

"मी खाते की. अन्न टाकायचं का?"

धनश्रीचं पेन थांबलं. ज्योतीने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. नवऱ्याचं उष्टं म्हणजे का जेवण असतं? तिच्या लेखी ती भांडी घासायची पहिली पायरी होती. वेळेला एक भाकरी आणि वाटीभर भात, आणि असं रोज दोनदा, असा हिशेब धनश्रीने हळू आवाजात मांडला, तेव्हा ज्योतीला उमगलं. आपण आपल्या हाताने नवऱ्याचे दीड महिने खाल्ले.

एसटीत ती खिडकीशी बसून राहिली. दुपारचा गजर वाजला, तो तिने बंद केला. डब्यातल्या मटकीकडे बघवेना.

घरी आली तर मोरीत वैजनाथचं दुपारचं ताट पडलं होतं. लख्ख पुसलेलं. भाताचं शीतही नव्हतं. आज किती वाढलं होतं, असं तिने सासूबाईंना विचारलं.

"तू वाढतीस तेवढंच. दोन भाकरी आन भात," पुष्पावती म्हणाल्या. "तू गावाला गेली का पुसून खातो. परवा बाजाराला गेल्तीस, तवाबी असंच. तू घरात आसली का मातर त्याला भूक न्हाई."

ज्योतीने ते ताट उचललं. म्हणजे त्याला भूक होती; ताटात उरत होतं ते मुद्दाम.

संध्याकाळी तिने नेहमीसारखंच वाढलं. दोन भाकरी, दुधी, भात. वैजनाथने एक भाकरी खाल्ली, थोडा भात चिवडला आणि ताट तिच्याकडे सरकवलं. सासरे ताटातच हात धुवायचे. वैजनाथ मात्र लग्नापासून उठून मोरीवर जायचा, कारण मागून त्याच ताटात ज्योती जेवायची. तिला त्याचं तेवढं कौतुक होतं.

तो उठायच्या आत तिने पाण्याचा तांब्या उचलला.

"हात धुवा. ताटातच."

"आगं, भाकरी हाय त्यात."

"आसू द्या."

वैजनाथने हात मागे घेतला. तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलंय हे त्यालाही कळलं.

"आपरेशनात तुला काय झालं तर आपल्या पोरीला कोन बघंल?" तो म्हणाला.

"आन तुमाला झाल्यावर?"

तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. हातातला तांब्या कलला. पाण्याची धार ताटाच्या काठावर पडली, तसा वैजनाथने चटकन भाकरीवर तळहात आडवा धरला.

मग त्याने ताट आपल्याकडे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

शेवटचा गजर वाजला. ज्योतीने तांब्या खाली ठेवला, दह्याची वाटी आणली आणि लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर जेवायला बसली.