कटकचं फूल

माणसं किती मेली यावरून आम्ही एपिसोडला मार्क द्यायचो. खोटं कशाला सांगू? दर रविवारी दुपारी गोंदियाजवळ फुलचूरच्या आमच्या अंगणात मी, शेजारची नंदाबाई आणि समोरची प्रेमिला अशा तिघी बसायचो. मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा करून ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो. 'बीता हुआ रण' नावाचा तो हिंदी पॉडकास्ट. भोपाळचा कुणी एक माणूस जुन्या लढायांच्या गोष्टी सांगतो, आणि सांगतो असा की चहा गार होऊन जातो. वेढ्यात अडकलेल्या शहरात लोकांनी चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले, हे आम्ही चिवडा खात ऐकलं. नदीत इतकी प्रेतं होती की होडी पुढं सरकेना, हे ऐकून प्रेमिला "बाप रे" म्हणाली आणि लगेच म्हणाली, "थोडं मागं घे ना गोमतीबाई, माझं ऐकाचं राहिलं." नंदाबाईचं मत नेहमी कडक. "आजच्यात मजा नाई आली. मेलेच कमी."

आणि आम्ही हसायचो.

माझी होणारी सून योगेश्वरी आमच्याही वरताण. ती चिचगडला दवाखान्यात नर्स आहे. माझ्या मुलाशी, लोकेंद्रशी, तिचं लग्न ठरलं ते दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून, पण माझं तिच्याशी जुळलं ते या पॉडकास्टवरून. मुलगी पाहायला गेले तेव्हा स्वयंपाक येतो का विचारायच्या ऐवजी मी विचारलं, मोबाइलवर काय ऐकतेस? तिनं नाव सांगितलं आणि मी तिथंच मनातल्या मनात कुंकू लावून टाकलं. तेव्हापासून रोज फोन. कुठल्या किल्ल्यात काय झालं, कुणी कुणाला भिंतीत चिणलं, सगळं आम्ही एकमेकींना सांगायचो. लोकेंद्र वैतागून म्हणायचा, "लगन मी करून राहिलो का तू?"

आता आमच्या घरच्या लढाईचं सांगते.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून इकडं आले, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर कटकच्या मोहिमेवर गेले आणि त्या पराक्रमाबद्दल त्यांना वैनगंगेच्या बाजूला जमिनी मिळाल्या, असं घरोघर छाती फुगवून सांगतात. आमच्या घरात नुसतं सांगणं नव्हतं, दाखवायलाही होतं. देवघरात पितळेच्या डबीत सोन्याचं एक कर्णफूल. जोडी नाही, एकच. हरभऱ्यापेक्षा जरा मोठं, पाच पाकळ्यांचं, मागं तारेची बारीकशी कडी. तिकडच्या कुण्या राणीनं आमच्या मूळपुरुषावर खूश होऊन कानातलं काढून दिलं आणि दुसरं आठवण म्हणून स्वतःजवळ ठेवलं, अशी कथा. नवी सून दारात आली की घरातली थोरली लेक ते फूल लाल दोऱ्यात ओवून तिच्या उजव्या कानावर टांगते. मग सून आत येते.

सत्तावीस वर्षांपूर्वी फुफीनं ते माझ्या कानावर टांगलं होतं. फुफी म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, रुख्माबाई. मी हळूच विचारलं होतं, कानात का नाही घालत? फुफी म्हणाली, "त्याची कडी उघडत नाई." मी त्या दिवशी राणी होते, सांगते तुम्हाला. माहेरचं सगळं रडू त्या एका फुलानं पुसलं गेलं.

म्हणूनच दोन महिन्यांआधी मी त्या भोपाळवाल्याला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "भैया, हमारे पूर्वज कटक की लड़ाई में थे. घर में बहू आ रही है. उस पर एक एपिसोड बनाइए ना." चक्क उत्तर आलं, बनाता हूं दीदी. मी गल्लीभर सांगून ठेवलं.

एपिसोड आला तो लग्नाच्या चार दिवस आधी. अंगणात लग्नाचे तांदूळ निवडायला आठ-दहा बायका जमल्याच होत्या. मी मुद्दाम मोबाइल मधोमध ठेवला. सुरुवातीलाच तो म्हणाला, "गोंदिया की गोमती दीदी की फर्माइश पर," आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली दहा मिनिटं घोडे, जंगल, नद्या, उपाशीपोटी केलेल्या दौडी. माझी मान अशी ताठ झाली होती की सुपातले खडे दिसेनात.

मग त्याचा आवाज उतरला. कटकवरून फौज बंगालमध्ये शिरली, म्हणाला. चौथाई वसूल करायला. गावंच्या गावं पेटवली. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन पळत सुटले आणि स्वारांनी त्यांना उघड्या माळावर घेरलं. पैसा काढा. ज्याच्याजवळ नव्हता त्याला तळ्यात बुडवून मारलं. कुणाचे हात कापले, कुणाचं नाक, कुणाचे कान. बायकांचं काय केलं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि तो थांबला. तो कधी थांबत नाही. मग म्हणाला, तिकडच्या आया अजून लेकरांना झोपवताना या स्वारांची भीती घालतात. शेवटी म्हणाला, "माफ कीजिए दीदी, आपने पूछा था."

सुपं तेवढी वाजत राहिली.

"हे सगळं खोटं आहे," मी म्हणाले.

नंदाबाईनं माझ्याकडं बघितलं. "मांगच्या खेपेले त तूच म्हणत होतीस, हा मानूस पुरावा असल्याबगर तोंड उघडत नाई."

"ते दुसऱ्यांच्या लढायांचं होतं," असं मी म्हणाले, आणि म्हणाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

"पन कान काऊन कापले असन?" नंदाबाईला चैन पडेना. "कानातलं काढून देल्लं असतं ना बायकायनं."

"घाईत कोन काढत बसते?" प्रेमिला म्हणाली.

मला असा राग आला की काय सांगू. तरातरा आत गेले, देवघरातली डबी आणली आणि त्यांच्यापुढं उघडली. "हे बघा. आमच्या माणसानं लुटून नाही आणलं. राणीनं स्वतःच्या हातानं काढून दिलं."

नंदाबाईनं फूल हातात घेतलं, उलटं केलं, नखानं कडी चाचपली. तिच्या मनात काही नव्हतं. तिला प्रत्येक वस्तू उघडून बघायची सवय आहे. "हे उघडते कुठून?"

"उघडत नाही."

"मंग रानीनं कानातून काढलं कसं?"

सगळी सुपं थांबली. मी तिच्या हातातून फूल घेतलं. सत्तावीस वर्षं ही वस्तू मी दर दसऱ्याला दुधानं धुतली आहे, हळदकुंकू वाहिलं आहे, आणि हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी योगेश्वरीचं मंगळसूत्र आणायला गोंदियाच्या बाजारात जायचंच होतं. डबी पर्समध्ये घेऊन गेले. घनश्याम सोनार आमचा नेहमीचा, पण त्याला आमची कथा माहीत नव्हती, आणि मी सांगितली नाही. त्यानं डोळ्याला भिंग लावलं.

"बहुत पुराना है, भाभीजी. लहान पोरीचं आहे हे. चार-पाच वर्षांची असेल. हरवू नये म्हणून तार कानात घालून दोन्ही टोकं एकात एक अडकवत आणि ठोकून बंद करत. पोर मोठी झाली की तार कापायची आणि दुसरं मोठं घालायचं."

"ही तार कापलेली आहे का?"

त्यानं पुन्हा बघितलं. "नाही. जशीच्या तशी आहे."

"मग निघालं कसं?"

घनश्यामनं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. माझ्याकडं बघितलं आणि मग दाराकडं बघत राहिला. "मंगळसूत्र तयार आहे, भाभीजी," तो म्हणाला.

रिक्षात बसले तरी माझा हात सारखा कानाकडं जात होता. माझे दोन्ही कान जागेवर होते. चार-पाच वर्षांची. लोकेंद्र त्या वयात केस कापायला न्हाव्याचं दुकान दिसलं तरी किंचाळून घर डोक्यावर घ्यायचा.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मनोहरलाल भला माणूस, पण मांडवाच्या चिंतेत होता. त्यानं ऐकलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पावनेतीनशे वर्सं झाली त्याले. चारशे पाहुने येऊन राहिले. फूल नाई टांगलं त सगळे विचारतीन, काऊन? काय सांगशील? ठेवून दे डबी जागेवर."

मी ठेवून दिली.

आणि हे तर सांगितलंच पाहिजे. त्या संध्याकाळपासून योगेश्वरीचे तीन फोन आले. तिच्याकडं नेटवर्कचा नेहमीचा घोळ, एपिसोड डाउनलोड होत नव्हता. "आई, आपला एपिसोड आला ना? कसा झाला? सांगा ना लवकर." तिन्ही वेळा मी म्हणाले, "चांगला झाला. लग्नाच्या गडबडीत नको, नंतर निवांत ऐक." माझा आवाज नेहमीसारखाच होता. याचंच मला आता जास्त वाईट वाटतं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास नवरानवरीची गाडी दारात आली. सगळी गल्ली लोटली होती, दहा-बारा मोबाइल वर झाले होते. उंबरठ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, आणि मी नवरीला उतरवून घ्यायला बाहेर तिच्याशेजारी उभी. फुफी काठी टेकत पुढं आली. ऐंशी वर्षांची बाई, पण फूल ओवताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. तिनं दोरा योगेश्वरीच्या कानामागून घेतला आणि फूल कानाच्या पाळीजवळ लोंबत सोडलं.

योगेश्वरी माझ्याकडं झुकली आणि कुजबुजली, "आई, दिसते का मी राणी?"

फूल तिच्या गालावर हलकेच आपटत होतं. मला ते बघवेना. मी हात पुढं केला आणि दोऱ्यासकट फूल ओढून काढलं. दोरा केसांत अडकला, तिला लागलं, ती "आई गं" म्हणाली. गर्दीतून बायकांचा आवाज उठला. मनोहरलाल ओरडला, "गोमती!"

"हे बक्षीस नाही," मी म्हणाले. आवाज चिरकला तरी बोलत राहिले. "कुठल्याच राणीनं दिलेलं नाही. एका लहान पोरीचा कान कापून आणलं आहे हे. आपल्याच माणसानं."

फुफी खाली बघत होती. मला वाटलं म्हातारीला धक्का बसला, आता हिला कुणीतरी धरायला पाहिजे.

"मले माहीत हाये," फुफी म्हणाली.

"काय?"

"माह्या फुफीनं सांगितलं होतं मले, माह्या लगनाच्या आदल्या दिवशी. तिले तिच्या फुफीनं सांगितलं. या घरच्या लेकीयले सांगतेत. म्हनून त कानात घालत नाई आपन, वरून टांगतो. त्या पोरीचं हाये ते."

"मग सुनांना का नाही सांगत?" मी जवळजवळ किंचाळले. "मला का नाही सांगितलं?"

फुफीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, लाजही नव्हती. मला तिच्याकडं बघून भीती वाटली. "सांगितलं असतं त तू आत आली असतीस का, माय?"

सत्तावीस वर्षं मी ज्या घराच्या गोष्टी ऐटीत सांगत फिरले, त्या घरातल्या प्रत्येक लेकीनं ही गोष्ट गिळून माझ्याकडं हसून बघितलं होतं.

योगेश्वरी अजून उंबरठ्याबाहेरच उभी होती. तिनं केसांत अडकलेला दोऱ्याचा तुकडा काढला. "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

"मी तीनदा फोन केला होता," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मोजून सांगितलं.

जगातल्या सगळ्या कत्तली आम्ही एकमेकींना फोन करून सांगितल्या होत्या. कुठल्या शहरात किती मेले, कुणी किती दिवस उपाशी राहिलं, काही सोडलं नाही. आणि ही एवढी एक मी लपवली. फुफीनं माझ्याशी जे केलं, तेच मी हिच्याशी केलं.

तिनं माझ्या तळहातावरचं फूल उचललं. नर्सची बोटं, अगदी जपून. कडी दोन बोटांत धरून तिनं आपल्या करंगळीवर बसवून बघितली. नखाच्या पुढं ती जाईना. तिचा चेहरा पांढराफटक झाला. सगळे लोक तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ही मागं वळणार आणि गाडीत जाऊन बसणार. तसं झालं असतं तर मी तिला अडवलं नसतं.

तिनं कडी करंगळीवरून काढली आणि फूल परत माझ्या हातात ठेवलं. "आतापासून सुनांनाही सांगायचं," ती म्हणाली. मग साडी सावरली, माप ओलांडलं आणि मोकळ्या कानांनी आत गेली. लोकेंद्र तिच्या मागोमाग गेला. तांदूळ उंबरठ्यावर सांडले.

फूल माझ्या तळहातावर होतं आणि मला मूठ मिटवत नव्हती. आतून नंदाबाई मला हाका मारत होती. मी उंबरठ्याबाहेरच उभी होते.