पाठमोरी खुर्ची

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका कारखान्याच्या दवाखान्यात चला. तिथं काचेची एक छोटी खोली आहे. आत पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर काम करणारा एक माणूस कानांवर हेडफोन लावून, काचेकडे तोंड करून बसला आहे. बाहेर धाकटी सिस्टर बटण दाबते, त्याच्या कानात बारीकशी पिप् वाजते. ती ऐकू आली की त्यानं बोट वर करायचं. सोपं आहे, नाही?

"माझे कान? बायको मनातल्या मनात बोलली तरी ऐकू येतं मला!" आत जाताना तो मोठ्यानं म्हणाला होता. धाकटी हसली होती.

मोठ्या सिस्टर हसल्या नव्हत्या. दवाखाना त्या चालवत. प्रत्येक अहवालाखाली सही त्यांची. पंधरा दिवसांपूर्वी कारखान्यातला एक रंगारी मागून आलेल्या मालाच्या गाडीखाली सापडून गेला. भोंगा वाजवला होता, असं चालक रडून सांगत होता. रंगाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'कान उत्तम'. म्हणून आज त्या स्वतः स्टूल ओढून बसल्या होत्या.

बोट दर वेळी वर गेलं. एकदाही चुकलं नाही.

प्रेसवाल्याची नऊ वर्षांची मुलगी गुडघ्यावरची पट्टी बदलून घ्यायला आली होती. ती लंगडत उठून काचेच्या खोलीत गेली. बाबा पाठमोरा उभा राहून हेडफोन अडकवत होता. तिनं हाक मारली नाही. वळसा घालून ती पुढे गेली, हनुवटी धरून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि मग म्हणाली,

"बाबा, झालं?"

ते पाहून मोठ्या सिस्टरांनी दारातून विचारलं,

"असं का गं विचारतेस?"

"आमच्याकडे असंच बोलतात. आईसुद्धा."

मोठ्या सिस्टर आत गेल्या. मुलीला बाहेर पाठवून त्याला पुन्हा बसवलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"राहू द्या ना, सिस्टर," धाकटी पुटपुटली. "बाहेर वीस जण खोळंबलेत."

"दाब."

धाकटीनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. आवाज वाढवून दाबलं. आतलं बोट मांडीवरच पडून राहिलं. धाकटीची हनुवटी मात्र दर बटणाला सवयीनं किंचित खाली जात होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"आल्यापासून. नापास झाला की दुसऱ्या दिवशी घरी बसवतात हो. तुम्हीच म्हणाला होतात, माणसं सांभाळून घे."

"रंगाऱ्यालाही सांभाळलंस?"

धाकटीनं पदर नसलेल्या गणवेशाच्या बाहीनं डोळे टिपले.

मोठ्या सिस्टरांची नजर स्टुलावर गेली. वर्षभरात त्या या स्टुलावर आजच बसल्या होत्या. एरवी गठ्ठा यायचा, त्या सह्या करायच्या.

तेवढ्यात कारखान्याच्या साहेबांचा फोन आला.

"नाही, सगळे पास नाहीत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मागच्या वेळचेही नव्हते. सही माझी आहे, जाब मलाच विचारा... प्रेसवरून हलवा, पण गोदामात तरी घ्या त्याला... उद्यापासूनच? साहेब, पोरगी इथं उभी आहे त्याची."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. रिसीव्हर त्यांच्या हातातच राहिला.

काचेचं दार उघडून बाबा बाहेर आला. त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. मोठ्या सिस्टर खाली बघत होत्या, धाकटी भिंतीकडे. मग तो मुलीकडे पाहून हसला.

"काय म्हणाल्या गं सिस्टर? पास ना तुझा बाबा?"

हनुवटी धरायला मुलीचा हात वर गेला, अर्ध्यात थांबला. ती त्याला वळसा घालून मागे गेली, त्याच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि ऐकलेलं सगळं, एक शब्दही न गाळता, तिथंच सांगितलं.