झटक्यांची वही

माझ्या वह्यांना डॉक्टरसुद्धा मान देतात, हे मी कुणी न विचारताही सांगते. बावीस वर्षं मी घरोघर जाते आहे. ज्यांच्या लहान मुलांच्या मेंदूला जन्मताना किंवा नंतर इजा झाली आहे, अशी ही घरं. मुलाला कसं उचलायचं, कसं बसवायचं, घास घशात न अडकता कसा भरवायचा, हे आईबापांना शिकवणं माझं काम. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या हातात एक वही ठेवते. तिच्यात चार रकाने: तारीख, वेळ, किती सेकंद, काय झालं. मुलाला झटका आला की तिथल्या तिथे लिहायचं. 'बहुतेक', 'साधारण', 'मला वाटतं' असले शब्द माझ्या वहीत चालत नाहीत. एका बापाने 'बराच वेळ' असं लिहून ठेवलं होतं. मी त्याला विचारलं, बराच म्हणजे दाढी करून होईल इतका, की दाढी पांढरी होईल इतका? तेव्हापासून तो सेकंदात लिहायला लागला.

सगळ्या वह्यांमध्ये भिंगरीच्या घरची वही माझी लाडकी होती. भिंगरी साडेचार वर्षांची. पोटात असताना फार फिरायची, म्हणून आईने जन्माआधीच हे नाव ठेवलेलं. जन्मल्यावर ती सात मिनिटं रडली नाही. त्या सात मिनिटांनी तिचे हात, पाय, मान, जीभ, सगळं तिच्या ताब्यातून काढून घेतलं. तिची आई टपाल कचेरीत पत्रं लावते. वडील मालट्रक चालवतात, ते रविवारी घरी. दिवसभर पोरीला सांभाळतात ते आईचे वडील. ते घड्याळं दुरुस्त करतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि टेबल, भिंग, चिमटे आणि दुकानातलं मोठं, टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ घरी आणलं. भिंगरीची पट्ट्यांची खुर्ची त्यांच्या टेबलाला लागून असते. सेकंद मोजायला याहून चांगला माणूस मला कुठे मिळणार होता?

भिंगरीला लहानपणी खरे झटके यायचे. उजवा हात ताठ व्हायचा, ओठ निळे पडायचे. ती दोन वर्षांची झाली तोवर औषधाने ते थांबले होते. मग आठ महिन्यांपूर्वी नवीन प्रकार सुरू झाला. डोळे वर जायचे, दोन-तीन सेकंद तिथेच राहायचे आणि खाली यायचे. आईने घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, घाबरू नका, लिहा.

पहिल्या आठवड्याची वही बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. आजोबांनी 'काय झालं'च्या रकान्यात गोष्टीच लिहिल्या होत्या. 'विचारलं, घड्याळ वाजवू का? डोळे वर.' 'विचारलं, पाणी हवं? डोळे वर.' मी त्यांना सुनावलं, "आजोबा, ही झटक्यांची वही आहे, गप्पांची नाही. डॉक्टरांना वेळ हवी, सेकंद हवेत. तुम्ही काय बोलत होतात ते नको." त्यानंतरची पानं अशी नेटकी, की मी ती आमच्या उपचार केंद्रातल्या नवीन मुलींना दाखवायला न्यायची. दहा वाजून चार मिनिटं, तीन सेकंद, डोळे वर. अकरा वाजून वीस मिनिटं, दोन सेकंद, डोळे वर.

वही बघून डॉक्टरांनी औषध वाढवलं. मग पुन्हा वाढवलं. मध्ये डोक्याला तारा लावून दीड तास मेंदूचा आलेख काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, त्या दीड तासात झटका आला नसेल, वही तर दिवसाला अकरा सांगतेय. मुलगी मात्र सुस्तावत चालली. वर्षभर मेहनत करून वर आणलेली मान पुन्हा छातीवर पडायला लागली. गिळणं मंदावलं. आणि आता डॉक्टर तिसरं औषध सुरू करणार होते, जास्त कडक. त्याने गिळणं आणखी कमी झालं तर नाकातून नळी घालावी लागेल, हे त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. उद्या सकाळी साडेनऊची वेळ होती.

म्हणून आज दुपारी मी आठ महिन्यांची बेरीज करायला त्यांच्याकडे गेले. आईने अर्धी रजा टाकली होती. ती पलंगावर बसून उद्याची पिशवी भरत होती. आजोबा टेबलाशी, भिंगरी खुर्चीत, मान एका बाजूला, तोंडाखाली रुमाल.

"रविवारी सगळ्यात जास्त," मी म्हटलं. "एकोणीस. सतरा. एकवीस. रविवारी काय वेगळं करता तुम्ही?"

"काही नाही हो ताई," आई म्हणाली. "हिचे बाबा असतात. दिवसभर हिच्याशी बडबडतात, एवढंच."

मी पान उलटलं आणि थांबले. गेल्या महिन्यात सलग चार दिवस एकही नोंद नव्हती. माझ्या लाडक्या वहीत भोकच पडलं होतं.

"आजोबा, हे काय? चार दिवस वही लिहिलीच नाही?"

"लिहिली असती ना बाई. पण झटके आलेच नाहीत."

"असे कसे आले नाहीत? दिवसाला अकरा येतात आणि चार दिवस शून्य? औषध बदललं होतं? ताप होता हिला?"

"हिला काही नव्हतं." त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "माझाच घसा बसला होता. आवाजच फुटत नव्हता. हिची आई दिवसभर कामावर, ती येईपर्यंत ही झोपलेली, घरात सगळं चिडीचूप. पोरगी नुसती माझ्याकडे बघत बसायची."

मी वहीतला रविवार बघितला. मग ती चार कोरी पानं. मग मला आलेख काढतानाची ती खोली आठवली. तंत्रज्ञ बाईंनी आम्हाला बजावलं होतं, दीड तास कुणी एक शब्द बोलायचा नाही.

मी उठले आणि भिंगरीच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. बावीस वर्षांत मी तिच्यासारख्या शेकडो मुलांसमोर बसले असेन, पण उत्तराची वाट बघत कधी नाही.

"भिंगरी," मी म्हटलं, "घड्याळ वाजवू का?"

डोळे वर गेले. सरळ त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग खाली आले.

"हे बघा ताई, आलाच," आई म्हणाली आणि सवयीने पेन शोधायला लागली.

"थांबा. लिहू नका." मी पुन्हा भिंगरीकडे वळले. "तू हत्ती आहेस?"

डोळे माझ्यावरच राहिले. ओठाचा एक कोपरा हलला.

"मी तुझी आई आहे का?"

काही नाही.

"ही तुझी आई आहे?"

डोळे वर.

"आजोबांना दाढी आहे?"

आजोबांची दाढी सकाळीच केलेली होती. तिने त्यांच्याकडे नजर फिरवली, नीट बघितलं आणि माझ्याकडे परत आली. डोळे वर गेले नाहीत.

आईच्या हातातली पिशवी घसरली. औषधाची बाटली पलंगाखाली गडगडत गेली, कुणी उचलली नाही.

"ती हो म्हणतेय," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "ताई, ती हो म्हणतेय! आठ महिने ती हो म्हणतेय आणि आपण प्रत्येक 'हो'ला औषध वाढवतोय?"



"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," आजोबा म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. बाई म्हणाल्या, हे वहीत नको." ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. "मला वाटलं, त्या शिकलेल्या आहेत. झटकेच असतील, मीच म्हातारा वेड्यासारखा त्यात बोलणं शोधतोय. घड्याळ इथे लावलं तेव्हा मी हिला दर तासाला विचारायचो, वाजवू का? ती वर बघायची. मग हळूहळू कशालाही वर बघायला लागली. मला आनंद झाला होता हो. नंतर मी तो आनंदही सेकंदात मोजून लिहायला लागलो."

आई माझ्या अंगावर धावून येईल असं मला वाटलं. ती आली नाही. ती भिंगरीपुढे बसली आणि एकामागून एक विचारत सुटली. दुखतंय? पाणी हवं? हा पट्टा टोचतोय? डोळे वर. तिने पट्टा सोडला. मांडीवर लाल वळ होता. तो बघून ती हमसून हमसून रडली.

मी गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"व्हिडिओ काढा," ते म्हणाले. "उद्या तिला जागी ठेवून आणा. आजच्या गोळ्या मात्र ठरल्याप्रमाणे द्या, आपल्या मनाने काही बंद करू नका, खरे झटके उलटतील. नवीन औषध मी उद्या लिहीत नाही. आधी मला बघू दे." मग म्हणाले, "पण प्रश्न विचारल्यावर होतं, हे वहीत कसं नाही आलं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "मी काढायला लावलं."

फोन ठेवल्यावर मी लगेच आत जाऊ शकले नाही. मला दुसरंच काहीतरी आठवलं होतं. मागच्या हिवाळ्यात, याच खोलीत, याच खुर्चीसमोर, मी आईला समजावलं होतं. ती तेव्हा फार आशेवर होती. तिला पुढे त्रास होऊ नये, अशी माझी समजूत. मी म्हटलं होतं, "ही तुम्हाला ओळखते असं धरून चालू नका. हिला आई काय आणि शेजारीण काय, सारखीच." चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं होतं. कुजबुजायची गरज मला वाटली नव्हती.

आत गेले तेव्हा आई तिला पाणी पाजत होती, चमच्याने, मी शिकवलं होतं तसं. मी पुन्हा जमिनीवर बसले.

"भिंगरी, मी तुझ्या आईला एकदा म्हटलं होतं, तुला ती ओळखू येत नाही म्हणून. तू ऐकलंस ते?"

चमचा हवेत थांबला. डोळे वर गेले.

"ते खोटं होतं. मी चुकले. रागावलीस माझ्यावर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. औषधाने पापण्या जड झाल्या होत्या, मान पुन्हा कलत होती. तिने ती मान उचलली, थरथरत, स्वतःच्या जोरावर, आणि डोळे वर नेले. ते खाली येईनात.

आजोबांचं लक्ष सवयीने घड्याळाकडे गेलं होतं. "सहा सेकंद," ते हळूच म्हणाले. "इतके कधीच नव्हते."

मी वही ओढून घेतली. तारीख घातली, वेळ घातली, सहा सेकंद लिहिलं. चौथ्या रकान्यात लिहिलं, 'विचारलं, रागावलीस माझ्यावर? म्हणाली, हो.' आणि खाली सही केली.